दगडफूल, जांभळा रंग आणि एक लेबल

दिंडोरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई काळ्या मसाल्याची पाकिटं आणि दगडफुलाची पिशवी घेऊन अंबडच्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या. पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ छापायचं होतं, त्यासाठी त्यांना चाचणीचा कागद हवा होता. शिवाय गटात कुणीतरी सुचवलं होतं की दगडफुलाची पूड कॅप्सूलमध्ये भरून मूतखड्यावर विकावी. “आयुर्वेदात शैलेय म्हणून आहेच ना, मॅडम,” त्या म्हणाल्या. आहेच.

मसाल्याचे नमुने आमच्याकडे नेहमीचेच. ओलावा, राख, घातलेला रंग. नुसत्या दगडफुलावर काम करायला क्वचित मिळतं, त्यामुळे मी उत्साहाने कामाला लागले. बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून दगडफूल तयार होतं आणि त्यातली बुरशी स्वतःची खास रसायनं बनवते: अॅट्रानोरिन, सॅलाझिनिक आम्ल, लेकॅनोरिक आम्ल. अशी हजारावर रसायनं आजवर ओळखली गेली आहेत. त्यातली बहुतेक इतर सजीवांत सापडतच नाहीत. उघड्या खडकावर, झाडाच्या सालीवर ऊन खात राहायचं, तर असं काहीतरी अंगावर हवंच.

अँटिऑक्सिडंट गुण मोजायला डीपीपीएच नावाचं एक रसायन वापरतात. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा राहिलेला असतो, म्हणून त्याचं द्रावण गडद जांभळं दिसतं. समोरच्या पदार्थाने त्याला हायड्रोजन दिला की जांभळा रंग उडून पिवळा उरतो. किती उडाला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचं. मी दगडफुलाचे दोन अर्क केले, एक मिथेनॉल या प्रयोगशाळेतल्या द्रावकात आणि दुसरा पाण्यात उकळून, कारण घरी काढा होतो तो पाण्यातच. अंधारात अर्धा तास ठेवून नळ्या बाहेर काढल्या. मिथेनॉलची नळी पिवळी झाली होती. पाण्याची जवळपास जांभळीच. ताई शेजारीच उभ्या होत्या. “एकाच पिशवीतलं ना?” त्यांनी दोनदा विचारलं.

एकाच पिशवीतलं. ही रसायनं बुरशीच्या तंतूंवर बाहेरून स्फटिकांसारखी बसलेली असतात आणि त्यातली बहुतेक पाण्यात फारशी विरघळत नाहीत. म्हणजे मिथेनॉलचा आकडा पाकिटावर छापला, तर जे पोटात जाणारच नाही त्याचा आकडा छापल्यासारखं होईल. आणि पोटात गेलं तरी नळीतला रंग उडणं आणि शरीरात उपयोग होणं यांच्यात पचन, यकृत, रक्त एवढं सगळं असतं. ते या चाचणीत कुठेच येत नाही. अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांसाठीचे २०१८ चे नियमही पुरावा मागतात.

मग मी उरलेला माल ट्रेमध्ये पसरला. खरं काम तिथे निघालं. वरून राखाडी, खालून काळी अशी पापुद्र्यासारखी पानं हे आपलं ओळखीचं दगडफूल. पण त्यात पिवळसर हिरवे दोरे गुंतलेले होते. एक दोरा दोन्ही टोकांना धरून हळूच ताणला, तर वरची साल तडकली आणि आत पांढरी, लवचीक तार दिसली. उस्निया, दगडफुलासारखीच पण वेगळी जात! बाजारात दगडफूल मुख्यतः हिमालयातल्या जंगलांतून येतं आणि त्यात अशी सरमिसळ नेहमीची असते. उस्नियात उस्निक आम्ल असतं. उस्निक आम्लाचा क्षार घातलेल्या, वजन घटवण्याच्या एका उत्पादनामुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये लोकांना ते वापरू नका, असं कळवलं होतं.

“मग आमचा मसाला?” ताईंचा चेहरा उतरला. मी सांगितलं, किलोभर मसाल्यात मूठभर दगडफूल आणि भाजीत चमचाभर मसाला, ते प्रमाण वेगळं. रोज कॅप्सूल भरून पूड घेणं वेगळं, आणि त्या पुडीत काय काय दळलं गेलंय हे कुणालाच कळणार नाही. शिवाय मला एक सांगावंसं वाटलं, ते मी सांगितलंच: यातल्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढं पान खरवडायला क्षणभर पुरतो. असली वस्तू सिद्ध न झालेल्या दाव्यासाठी पोत्याने दळायला मन धजत नाही.

दगडफुलाची खरी किंमत वासात आहे, हे ताईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. “कच्चं हुंगलं तर काहीच नाही. तेलात परतलं की सगळ्या आळीला कळतं.”

कॅप्सूलचा बेत त्यांनी तिथेच सोडला. अहवालात मी दोन्ही अर्कांचे आकडे लिहिले, सोबत उस्नियाची नोंद आणि ‘या चाचणीवरून आरोग्यविषयक दावा करता येत नाही’ असं स्पष्ट वाक्य. लेबलवर ‘निवडलेलं दगडफूल, तेलात परतून’ एवढंच घालायचं ठरलं. जाताना त्यांनी ट्रेमधले हिरवे दोरे कागदात बांधून मागितले. रविवार कारंजावरच्या दुकानदाराला दाखवून पुढचा माल निवडूनच घ्यायचा होता.