तुम्ही विचारलंत म्हणून : दहा दिवस गप्प राहून काय मिळतं?

दिवाळी आटोपली आणि नोव्हेंबरची २० तारीख उलटली की बेळगावच्या शहापुरातील माझ्या छोट्या कार्यालयाला बारा दिवस कुलूप लागते आणि मी विपश्यनेच्या शिबिराला, म्हणजे दहा दिवस मौन पाळून करायच्या ध्यानसाधनेला, जाते. हिशेब आणि करविवरणपत्रे करणाऱ्या बाईने इतके दिवस फोन बंद ठेवावा, हे माझ्या ग्राहकांना पटत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. वडगाव-खासबागेतील साडी विणणारे, उद्यमबागेतील फौंड्रीवाले आणि गल्लीतल्या शेजारणी, सर्वांचा प्रश्न साधारण एकाच चालीचा असतो : “ताई, विश्रांतीच हवी तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जावं, चार दिवस समुद्र बघावा. दहा दिवस गप्प बसून मिळतं तरी काय?” आजवर मी दोन वाक्यांत वेळ मारून नेत आले. पण हा प्रश्न कुणी कुचेष्टेने विचारत नाही. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच थकलेले असतात, आणि आपल्यालाही असे काही जमेल का, हे त्यांना आडून विचारायचे असते. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे.

माझे काम अंगमेहनतीचे नाही. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे विवरणपत्र, २० तारखेला करभरण्याचे, ३१ जुलैला प्राप्तिकराचे, अशा तारखांच्या खुंट्यांना आमचे वर्ष बांधलेले असते. त्या तारखा मला कधी फारशा जाचल्या नाहीत. खरा शीण येतो तो दोन तारखांच्या मधल्या बोलण्याचा. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत कुणीतरी काहीतरी विचारत असते आणि मला उत्तर द्यायचे असते. उत्तर चुकले तर दंड दुसऱ्याला बसणार असतो, म्हणून प्रत्येक उत्तर तोलून द्यावे लागते.

त्यातच आपल्या भागात बोलण्याला आणखी एक ओझे असते, जे बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. बँकेच्या खिडकीपाशी, बसमध्ये तिकीट काढताना, सरकारी कार्यालयाच्या पायरीवर तोंड उघडण्यापूर्वी आपण समोरच्याचा चेहरा वाचतो आणि मराठीत बोलायचे, कानडीत बोलायचे की हिंदीवर निभावून न्यायचे, हे क्षणात ठरवतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर जन्मलेल्या आम्हा लोकांच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की आपण काही ठरवतो आहोत, हेही आम्हाला जाणवत नाही. माझे कानडी चांगले आहे आणि त्या भाषेविषयी माझ्या मनात अढी नाही. तरीही दिवसातून शंभर वेळा असे ठरवावे लागले की त्याचा शीण कुठेतरी साचत राहतो, आणि तो साचला आहे हे मला फार उशिरा कळले.

कळले ते असे. सहा वर्षांपूर्वी, सप्टेंबर महिन्यातल्या एका रात्री मी घरी आले, चप्पल काढली, आणि सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, “जेवलीस का गं?” इतका साधा, मायेचा प्रश्न, पण मी दारातच उभी राहून रडू लागले. मला त्याही प्रश्नाचे उत्तर देणे नको होते. त्या घाबरल्या, मीही घाबरले. डॉक्टरांनी रक्त तपासले, झोपेची चौकशी केली, शरीरात काही दोष नाही असे सांगितले आणि काही दिवस विश्रांती घ्यायला सुचवले. मग आम्ही गोव्यालाच गेलो. चार दिवस समुद्र पाहिला. तो सुंदरच होता. परंतु आज कुठे जेवायचे, कोणत्या किनाऱ्यावर जायचे, परत किती वाजता निघायचे, हे सगळे तिथेही मलाच विचारले जात होते.

त्याच वर्षी माझ्या एका मैत्रिणीने विपश्यनेचा अर्ज भरून दिला. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगल्याजवळ, आळते गावाकडून रामलिंगच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर ‘धम्मालय’ हे केंद्र आहे. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. निपाणी मागे टाकून कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक संपते. ही साधना भारतात पुन्हा रुजवणारे सत्यनारायण गोयंका हे मूळचे ब्रह्मदेशातील व्यापारी होते. जन्म १९२४ चा, मंडालेचा. अर्धशिशीवर इलाज शोधता शोधता ते तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिबिरे घेऊ लागले. इगतपुरीचे धम्मगिरी हे केंद्र त्यानंतर काही वर्षांनी उभे राहिले. वहीखाते सांभाळणारा एक माणूस डोकेदुखीच्या निमित्ताने या वाटेला लागला, ही गोष्ट मला तेव्हा फार जवळची वाटली.

तिथे पोहोचल्यावर फोन जमा करावा लागतो. पुस्तक नाही, वही नाही, पेन नाही. स्वतःची जपमाळसुद्धा त्या दहा दिवसांपुरती बाजूला ठेवायची असते. पहाटे चार वाजता घंटा होते, साडेचारला आसनावर बसायचे, साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडे चुरमुरे किंवा फळ, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. या सगळ्यात मिळून जवळजवळ दहा तास डोळे मिटून बसणे असते. स्त्रिया आणि पुरुष यांची व्यवस्था पूर्ण वेगळी असते. आणि ‘आर्य मौन’ म्हणजे नुसते न बोलणे नव्हे. खूण करायची नाही, शेजारणीकडे पाहून हसायचेही नाही. काही अडचण असेल तर धम्मसेविकेला हळूच सांगता येते, साधनेविषयीची शंका दुपारी आचार्यांना विचारता येते, एवढीच मोकळीक.

पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहायचा असतो. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वरची इवलीशी जागा, आणि तिच्यावरून आत जाणारा व बाहेर येणारा श्वास. श्वासाला वळण लावायचे नाही, मंत्र जोडायचा नाही. ऐकायला हे सोपे वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे गुडघे ठणकत होते, पाठीत कळ येत होती, आणि डोक्यात ग्राहकांची नावे एकामागून एक येत होती. प्रत्येकाला मी मनातल्या मनात उत्तर देत होते. समोर कुणीही नसताना माझे उत्तर देणे चालूच होते! ज्या ओझ्याला मी लोकांचे ओझे समजत होते, त्याचा मोठा भाग माझ्याच आत सवयीने फिरत होता, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसले. मी रडले नाही, पळूनही गेले नाही. पण त्या रात्री पिशवी भरून ठेवली होती, हे सांगायला हवे.

चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जे जाणवते, खाज, ऊब, ठणका, मुंग्या, ते एकेक करून पाहत जायचे आणि त्याला प्रतिसाद द्यायचा नाही. तिथून पुढे दिवसातून तीन वेळा ‘अधिष्ठाना’ची बैठक असते. त्या तासाभरात मांडी बदलायची नाही, हात सोडायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. माझ्या डाव्या गुडघ्यात जी कळ उठे ती पहिल्या दोन बैठकांत मला असह्य झाली. तिसऱ्या बैठकीत केव्हातरी ती कळ तशीच राहिली आणि मी मात्र तिला काहीच उत्तर देईनाशी झाले. मोठे दर्शन वगैरे काही झाले नाही. गुडघा दुखत होता आणि मी शांत होते, एवढेच झाले. ज्याला मी विश्रांती म्हणते ती हीच. तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले सर्वांत खरे उत्तर हे आहे.

माझ्या पुढच्या आसनावर एक वयस्कर बाई बसत असत. नऊ दिवस मी त्यांचा चेहरा पाहिला नाही, कारण आम्ही सगळ्याच नजर खाली ठेवून चालत होतो. मला त्यांच्या टाचा ठाऊक होत्या. उसाच्या रानात राबलेल्या बाईच्या असतात तशा भेगाळलेल्या, आणि डाव्या टाचेच्या एका खोल भेगेत मेण भरलेले. जेवणानंतर ताट घासायच्या नळापाशी त्यांचा हात दिसे. त्या ताट दोनदा विसळून पालथे करीत आणि तळाला चिकटलेला शेवटचा थेंब बोटाने निपटून घेत. त्या कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या, कोणती भाषा बोलणाऱ्या, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही, आणि आला नाही हेही मला नंतरच उमगले. दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीची साधना झाली, मौन सुटले, आणि बाहेर पडवीत त्यांनी वळून माझा हात धरला व विचारले, “आराम अदीरेन्री?”

बरे आहे ना, एवढाच त्या कानडी वाक्याचा अर्थ. आपल्याकडे बाजारात, बसमध्ये हे रोज कानांवर पडते. पण त्यातला ‘आराम’ हा शब्द त्या दिवशी मी नव्याने ऐकला. “आराम अदीन्री, अक्का,” असे मी म्हटले, आणि कोणत्या भाषेत उत्तर द्यावे हे ठरवावे लागले नाही. त्या रायबाग तालुक्यातल्या होत्या. पुढचा तासभर त्या कानडीत आणि मी मिसळून आलेल्या मराठी-कानडीत, अशा आम्ही बोलत बसलो.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. शिबिराचे शुल्क नसते. राहणे-जेवण पूर्वीच्या साधकांच्या दानातून चालते, आणि तुम्हीही शिबिर पुरे केल्यावरच इच्छेप्रमाणे दान देऊ शकता. अर्जात प्रकृतीविषयी विचारतात ते मनापासून आणि खरे लिहावे. ज्यांचे मानसिक आजारासाठी उपचार चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना आणि केंद्राला आधी सांगावे. औषध सोडून तिथे जाऊन बरे होऊ, अशा समजुतीने तर मुळीच जाऊ नये. आणि मध्येच उठून येण्याची मनात तयारी ठेवून गेलात तर न गेलेले बरे.

पण दहा दिवस घर सोडणे सर्वांना शक्य नसते, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मूल, आजारी माणूस किंवा दुभते जनावर आहे त्यांना. त्यांना मी माझ्या माहेरच्या गावाची गोष्ट सांगते. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील आमच्या गावात सुगी संपून धान्य घरात आले की ज्ञानेश्वरीचा पारायण सोहळा असतो. पहाटे काकडा, मग व्यासपीठ चालकांच्या मागोमाग ओव्यांचे वाचन, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. नऊ हजारांवर ओव्या, आणि त्या एकट्याने नव्हे, शंभर-दीडशे जणांनी एका सुरात म्हणायच्या. या सगळ्या काळात वीणा जमिनीला टेकत नाही. लहानपणी मी मुद्दाम जागी राहून पहारा बदलताना पाहत असे : नवा विणेकरी समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, तार मात्र वाजतच असते. दिवसा ज्याने ज्याच्याशी बांधावरून भांडण केलेले असते तोही त्या वेळी वाकतो. गेली काही वर्षे मी फेब्रुवारीत तीन दिवस तिथे जाते. धम्मालयात असते तसे मौन तिथे नाही, उलट दिवसभर आवाजच असतो. पण त्या आवाजात माझे असे वेगळे काही बोलायचे नसते, पुढची ओवी कोणती ते पोथीने ठरवलेले असते, आणि म्हणून तिथूनही मी तशीच हलकी होऊन परतते.

काही जण नृसिंहवाडीला जाऊन गुरुचरित्राचा सप्ताह करतात. मी तो केलेला नाही, त्यामुळे अनुभव सांगत नाही. फक्त एवढे सांगते की त्या मराठी ग्रंथात कानडी पदेही आहेत, आणि वाचणारे ती तितक्याच भक्तीने म्हणतात. पंतबाळेकुंद्रीच्या आमराईत एक सकाळ बसून येणे तर बेळगावातल्या कुणालाही शक्य आहे. किल्ल्यातल्या रामकृष्ण मिशन आश्रमात संध्याकाळच्या आरतीला जाऊन बसता येते. विवेकानंद १८९२ साली बेळगावात राहून गेले, ही आठवण तिथे जपलेली आहे. जागा कोणतीही निवडा. त्या वेळेपुरते तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी, घंटेने, पोथीने किंवा आरतीने, सारे ठरवावे, एवढे मात्र पाहा.

परत आल्यावर फोन सुरू केला की शेकडो निरोप असतात. पहिल्या वर्षी त्याच दिवशी सगळ्यांना उत्तरे दिली आणि आठवड्यात सारे गमावल्यासारखे वाटले. आता एक दिवस घरीच राहते, मग हळूहळू कामाला लागते. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे शिबिरात सांगतात. माझ्याकडून संध्याकाळचे होत नाही, सकाळचे होते. पाच वाजता मी पुढच्या खोलीत चटई टाकते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून त्या खुर्चीवर माळ घेऊन बसतात. त्यांचे नामस्मरण वेगळे, माझी साधना वेगळी, आणि दोन्ही एकत्र करण्याचा आम्ही कधी प्रयत्न केला नाही. तासभर आम्ही दोघी एकमेकींना काहीही विचारत नाही. मग त्या उठून चहा ठेवतात.