आंबोलीचा पाऊस आणि व्हॅनचं दार

आज आंबोलीत पावसाने जराही उसंत दिली नाही. व्हॅनचं सरकतं दार उघडलं की टपावरचं पाणी थेट गादीवर! आई म्हणाली, "दार लावूनच बस." पण चहा ठेवायचा तर दार उघडं हवंच. बंद गाडीत गॅस पेटवणं जिवावर बेतू शकतं.

टपाच्या कडेवरून पाणी सरळ खाली पडत नाही, पत्र्याला धरून आत वळतं. त्याला कडेलाच अडवायला हवं. म्हणून सावंतवाडीहून रबरी पट्टी आणली. पेट्रोल पंपाच्या छपराखाली पत्रा स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडा करून ती दाराच्या वर चिकटवली. दोन्हीकडे वीतभर जास्त, मागे किंचित उतार. आता पाणी दाराच्या पलीकडे जाऊन गळतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

वाराही बघावा लागतो. इथे पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो. आमचं दार डावीकडे, त्यामुळे गाडीचं तोंड दक्षिणेला केलं की दार आडोशाला येतं.

तिरप्या सरींना मात्र पट्टी पुरत नाही. दारावर छोटा मांडव शिवून घ्यायचाय. कुणी शिवला असेल तर कापड कोणतं वापरलंत ते नक्की सांगा.