१७२ ठोके माझे नव्हतेच

सापडलं एकदाचं. गेले सहा आठवडे पळताना मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके म्हणून दिसणारा १७२ हा आकडा माझ्या काळजाचा नव्हताच, पायांचा होता. मागच्या दोन नोंदींत जे रडगाणं गायलो (वय झालं, दिवाळीचा फराळ अंगाशी आला, सब-फोर म्हणजे चार तासांच्या आत मॅरेथॉन विसरा, मुंबई मॅरेथॉन नुसती पूर्ण करून परत यायचं) ते सगळं मागे घेतो. सब-फोरचं सोडून. त्यावर खाली येतोच.

झोन टूचं, म्हणजे ठोके हद्दीत ठेवून सावकाश पळायचं, माझं खूळ तुम्हाला माहीतच आहे. १८० वजा वय, म्हणजे माझ्यासाठी १३४. पावसाळाभर साडेसहा-पावणेसातच्या पेसला (म्हणजे एका किमीला तेवढी मिनिटं) हा आकडा आरामात जमायचा. नोव्हेंबरात थंडी सुरू झाली आणि सगळं बिघडलं. सोलापूरची थंडी ती काय, असं नाशिककर म्हणतील. पण मे महिन्यात ४२ अंश सोसणारी माणसं आम्ही, पारा १५ वर आला की आम्हाला कानटोपी लागते. तर त्या पहिल्या गार आठवड्यात सातच्या पेसला घड्याळ म्हणालं १६८. दुसऱ्या दिवशी १७१. मी पेस पावणेआठ केला, तरी १६५. मग साडेआठ. मग चक्क चालायला लागलो. कंबर तलावावर सकाळी फिरायला येणारे आजोबा मला मागे टाकून जायला लागले. त्यातल्या एकांनी तर थांबून विचारलं, "काय बे, आजारी आहेस का?"

आजारी असेन असंच मला वाटायला लागलं होतं. हिमोग्लोबिन तपासलं, ठीक. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) करून घेतली, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. यावर खूश व्हायचं सोडून मी आणखी घाबरलो, कारण मग दोष कुठे आहे तेच कळेना. झोप मोजली. चहा सोडला, चार दिवस (बायकोने पाचव्या दिवशी स्वतःहून कप पुढे ठेवला, घरातली शांतता टिकावी म्हणून). घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवलं, पट्टा आवळला, मागची काच पुसली, मनगटावरचे केससुद्धा काढले. आकडा जागचा हलला नाही.

एक खूण मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहिली नाही. पळताना १६८-१७२, चालायला लागलो की लगेच ११८-१२०. मधलं काहीच नाही. हृदय असं जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं उतरत नाही, ते घसरगुंडीवरून उतरतं.

कोडं सोडवलं आमच्या ग्रुपमधल्या बाईंनी. निवृत्त शिक्षिका आहेत, वय ५८, हाफ मॅरेथॉनला आमच्यातल्या निम्म्यांना घाम फोडतात. दोन रविवारांपूर्वी तुळजापूर रोडवर, हिप्परगा तलावाच्या अलीकडे, आमचा वाद चालला होता. यंदा हुरड्याला कुणाच्या शेतावर जायचं, एवढाच विषय. मी तावातावाने बोलत होतो. मध्येच घड्याळ बघून म्हणालो, "बघा बाई, पुन्हा १७२." बाई पळता पळताच म्हणाल्या, "अरे, १७२ ला कुणी एवढं भांडत नाही. वाक्य तरी पुरं होतं का?"

घरी आल्यावर अंघोळीच्या आधी ग्राफ उघडला. हार्ट रेटची लाल रेष आणि खाली केडन्सची (मिनिटाला पडणाऱ्या पावलांची) रेष, दोन्ही एकावर एक ठेवल्या. एकच रेष. पाणी प्यायला थांबलो तिथे केडन्स शून्यावर आणि हार्ट रेट काही सेकंदांत १७१ वरून १२१ वर. मी मिनिटाला १७२ पावलं टाकतो, घड्याळ तीच मोजत होतं आणि मला ठोके म्हणून दाखवत होतं.

खात्री करायला सोमवारी एक प्रयोग केला, तो करताना जो आनंद झाला तो गेल्या दीड महिन्यात झाला नव्हता. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक तालात टकटक करणारं ॲप) लावला. पेस तोच, फक्त पावलं आधी मिनिटाला १६०, मग लहान लहान करून १८०. घड्याळाने आज्ञाधारकपणे आधी १६० दाखवले, मग १८०. रस्त्याच्या कडेला एकटाच हसत उभा राहिलो. समोरून उसाची दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टर गाडी गेली, तिचा ड्रायव्हर माझ्याकडे बघतच गेला.

कारण सरळ आहे. मनगटाचं घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा उजेड कसा बदलतो ते मोजतं. थंडीत कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाट क्षीण होते. हात मात्र पावलागणिक तालात हलतोच आहे. क्षीण लाट आणि ठसठशीत ताल यांत घड्याळ ताल पकडून बसतं. ऑक्टोबरपर्यंत मनगट गरम, म्हणून आकडे बरोबर. थंडी आली आणि माझा "फिटनेस गेला", तो याच वाटेने. दोष कंपनीचा म्हणणार नाही, मनगटावरची जवळपास सगळी घड्याळं कधी ना कधी असं करतात. पण हे खोक्यावर छापायला काय हरकत होती?

पहिला उपाय घरचाच. मी टॉवेलच्या कारखान्यात कामाला, तिथे टेरीच्या कापडाचे कापून उरलेले काठ ढिगाने पडलेले असतात. त्यातला चार बोटं रुंद तुकडा घेऊन शिलाई मशीनवाल्या मावशींकडून पट्टा शिवून घेतला आणि घड्याळावर घातला, मनगट गरम राहावं म्हणून. पाच दिवसांपैकी तीन दिवस चालला! पंधरा मिनिटांनी मनगट तापलं की आकडा धप्पकन १७० वरून १३८ वर यायचा. दिसायला मी बँडेज बांधल्यासारखा, पण कुणाला काय.

तरी तीन-पंचमांश भरवशावर फुल मॅरेथॉनचं ट्रेनिंग होत नाही, म्हणून ठोके मोजणारा छातीचा पट्टा मागवला. ऑनलाइन दुकानदाराने सेल आधीच संपलेला पाठवला आणि फोनवर मलाच शिकवायला लागला की पट्टा उलटा घातला असेल. नवी पेठेतल्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आणला, चालू झाला. आणि पहिल्याच सकाळी पहिली दहा मिनिटं दाखवले २१४ ठोके. खरं सांगतो, पट्टा काढून तलावात फेकायचा मोह झाला. इथली हिवाळी हवा कोरडी ठणठणीत, त्यात नायलॉनचा टीशर्ट छातीवर फडफडतो, त्याची स्थिर वीज आणि पट्ट्याचे कोरडे इलेक्ट्रोड. घाम आला की आपोआप ठीक होतं. आता निघताना इलेक्ट्रोड नळाखाली धरतो आणि टीशर्ट अंगालगत बसणारा घालतो. तुमच्यातल्या कुणी पट्टा घेऊन "चुकीचा आहे" म्हणून कपाटात ठेवला असेल, तर आधी पाणी लावून बघा.

तर खरे आकडे. बुधवारी १० किमी, पेस ६:४०, सरासरी १३६. म्हणजे पावसाळ्यात होतो तिथेच आहे. आणि वाईट बातमी तीच आहे, कारण सहा आठवड्यांत एक पाऊलही पुढे गेलो नाही. साडेआठच्या पेसला माझे खरे ठोके ११० च्या आसपास असणार, म्हणजे मी झोन टू करत नव्हतो, फेरफटका मारत होतो.

मग या सहा आठवड्यांत रोज पहाटे उठलो कसा, असं एकाने विचारलं होतं. जिद्द वगैरे काही नाही. बाईंचा एक नियम आहे: बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, तिथून परतावंसं वाटलं तर परतायचं, स्वतःला बोल लावायचा नाही. मी एकदाच परतलो, आणि तेव्हा खरोखर पोट बिघडलं होतं (लाँग रनच्या आदल्या रात्री कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी दोन चमचेच घ्यावी. पहाटे पळावं लागतं, पण वेगळ्या कारणासाठी). दुसरं, कालनिर्णयच्या चौकोनात किमी न लिहिता मिनिटं लिहायला लागलो. पेसची लाज वाटत होती तेव्हा मिनिटांनीच वाचवलं. साडेआठच्या पेसची ५० मिनिटंही ५० च असतात.

आता ध्येय. मुंबईला पाच आठवडे उरले. पट्टा लागला त्या दिवशी उत्साहात कॅलेंडरवर पुन्हा "३:५९" लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर हिशेब मांडला. सब-फोर म्हणजे ५:४१ चा पेस, ४२ किमीभर. माझी हाफची वेळ १:५८. दुप्पट करून १० ते १५ मिनिटं मिळवा, ४:०६ ते ४:११ येतात, तेही सहा आठवडे फेरफटका मारलेला नसताना. ३:५९ खोडलं. ४:१० लिहिलं, पेस ५:५५. माझा पीबी, म्हणजे आजवरची सर्वांत चांगली वेळ, ४:२१ आहे, म्हणजे हेही काही लहान नाही.

हे लिहिता लिहिता तेही पटेना झालंय. मुंबईची दमट हवा इथे कुठून आणू? आपला घाम इथे अंगावर दिसायच्या आत वाळतो, तिथे तो वाळतच नाही आणि त्याच पेसला ठोके चढत जातात. म्हणजे पेस धरून बसलो तर ३० किमीनंतर बोन्क, म्हणजे अंगातली शक्तीच संपणं, ठरलेलं. त्यापेक्षा पेस झाकून ठेवायचा, स्क्रीनवर फक्त ठोके. २५ किमीपर्यंत १५० च्या वर जायचं नाही, ३२ पर्यंत १५५, पुढे जे उरलं असेल ते. वेळ शेवटी कळेल. हो, हेच करतो. ४:१० राहू दे कॅलेंडरवर, घड्याळात नको.

म्हणजे पुढचे दोन रविवारही बदलले. २८ आणि ३२ किमीच्या लाँग रनला आधी सगळं सावकाश होतं, आता दोन्हींत शेवटचे ८ किमी १५० ठोके धरून. उसाच्या ट्रॅक्टरांना मागे रिफ्लेक्टर नसतात, म्हणून उजाडेपर्यंत कंबर तलावाचे फेरे आणि मग हिप्परग्याचा रस्ता. खाण्यासाठी दर ४० मिनिटांनी दोन खजूर. पळताना खायच्या पाकिटातल्या जेलवर पैसे घालवणं मला अजून पटलेलं नाही. गूळ-शेंगदाण्याचा लाडू मात्र पळताना खाऊन बघू नका, दाण्याचं तेल पोटात बसून राहतं.

एकच गोष्ट सुटलेली नाही. टेपरचा, म्हणजे शर्यतीआधी पळणं कमी करायचा आठवडा नेमका गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा आठवडा. शाळेपासूनचा माझा एक मित्र नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) धरणाऱ्यांत आहे, डिसेंबरपासून त्यांचा सराव चालू आहे. गेल्या वर्षी बाराबंदी (यात्रेतला पांढरा अंगरखा) घालून अडुसष्ट लिंगांच्या मिरवणुकीत अनवाणी दिवसभर चाललो आणि मुंबईला २२ किमीलाच पोटऱ्या दगड झाल्या. यंदा अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला) सम्मती कट्ट्याजवळ उभं राहायचं, होम मैदानावर एक चक्कर आणि घरी, असं ठरवलंय. मित्राला अजून सांगितलेलं नाही. काल त्याचा फोन आला होता, मी उचलला नाही.