मिल लॅक्सवर ऑक्टोबरअखेर: अनोळखी तलावात मस्कीच्या मागावर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तलावाचा पसारा सुमारे १ लाख ३२ हजार एकरांचा आहे. मिनिआपोलिसहून उत्तरेकडे हायवे १६९ धरला की दोनेक तासांत रस्ता तलावाच्या पश्चिम काठाला लागतो, आणि समोर पलीकडचा किनारा दिसत नाही. या पाण्यात आपण आधी कधी बोट घातलेली नसेल, तर मस्की, म्हणजे गोड्या पाण्यातला हा मोठा शिकारी मासा, शोधण्यापूर्वी एक काम करायचं: तलावाचा बराचसा भाग मनातून काढून टाकायचा. आमची सहल जमली ती या निर्णयामुळे, म्हणून तेच आधी सांगतो.

सोबत भावोजी होते. त्यांचा हात शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फ्लोएज या जलाशयावर बसलेला. तिथलं पाणी गढूळ तपकिरी, बुंध्यांनी आणि बेटांनी भरलेलं, त्यामुळे मासा कुठे दडला असेल हे डोळ्यांना दिसतं. मिल लॅक्स नेमका उलटा आहे. मोकळा, उथळ (सर्वांत खोल जागा ४२ फुटांची) आणि नितळ. २००५ साली इथे झेब्रा शिंपले (पाणी गाळून खाणारे, बाहेरून आलेले छोटे शिंपले) सापडले आणि पुढे ते वाढत गेले तसं पाणी आणखी स्वच्छ झालं. अशा पाण्यात मासा आपल्याला लांबून पाहतो. म्हणून भर उन्हातले तास आम्ही जागा पाहण्यात घालवले आणि गळ टाकण्याचा जोर सकाळी व सूर्यास्ताच्या आसपास ठेवला.

घरून निघण्यापूर्वीचा अभ्यास फुकट करता येतो. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या संकेतस्थळावर ‘लेकफाइंडर’ आहे. त्यात तलावाचा खोलीचा नकाशा, माशांच्या पाहण्या आणि पिल्लं कधी किती सोडली याच्या नोंदी मिळतात. मिल लॅक्सचे मस्की मुख्यतः खात्याने १९८०च्या दशकापासून सोडलेल्या पिल्लांतून आले आहेत. ते संख्येने विरळ आहेत, पण वाढतात अफाट. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोलन स्प्रेंगलर यांनी इथेच ५५ पौंडांहून जास्त वजनाचा मस्की धरला आणि १९५७ पासून विनिबिगोशिश तलावाच्या नावावर असलेला राज्याचा विक्रम मोडला. तेव्हा इथे येताना संख्येची अपेक्षा नको. दिवसभरात एक मासा नुसता आमिषामागे आलेला दिसला, तरी तो दिवस कामाचा समजावा.

नकाशावर आम्ही फक्त दक्षिणेकडचे उपसागर आणि पश्चिम काठाचा एक पट्टा ठेवला. उत्तरेच्या मध्यभागातले चिखलाचे सपाट उंचवटे वॉलाय हा दुसरा मासा धरणाऱ्यांसाठी सोडून दिले. दक्षिणेला आयल, वॉकॉन आणि कोव्ह हे उपसागर आहेत. तिथे पाणवनस्पतींचे पट्टे आहेत आणि बाहेर खडकांचे उंचवटे. शरदात बघायचं ते हेच, की हिरवी वनस्पती अजून कुठे उभी आहे आणि तिच्यापासून खडक किती जवळ आहे. तपकिरी होऊन आडवं पडलेलं गवत सोडून द्यावं. हिरवा तुकडा आणि खडक शेजारी-शेजारी सापडले, तर ती जागा दिवसातून पुन्हा पुन्हा करावी.

तलावाचा नेमका कोणता तुकडा निवडायचा, हे मात्र वारा ठरवतो. या दिवसांत वायव्येचा वारा बऱ्याचदा जोर धरतो. उथळ पाण्यातली लाट आखूड आणि उभी असते, आणि मैलोन् मैल अडथळा नसल्यामुळे आग्नेय काठावर ती बघता बघता अंगावर येते. म्हणून दोन आराखडे हवेत. वायव्येचा वारा असेल तर पश्चिम काठाच्या आडोशाला, विगवॉम आणि व्हाइनलँड उपसागरांकडे जायचं. दक्षिणेचा असेल तर आयल-वॉकॉनकडे. मस्कीच्या नादातली जुनी माणसं वारा लागलेला काठ धरायला सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण वाऱ्याने छोटे मासे त्या बाजूला लोटले जातात आणि पाण्याचा पृष्ठभाग मोडला की मस्की धीट होतो. पण अनोळखी तलावात, ८-९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, खडक नेमके कुठे वर आलेत हे माहीत नसताना तो काठ धरू नये. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायची नाही, अंगावर घालायची. एवढ्या गार पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच कामातून जातात.

याच पश्चिम काठावर, व्हाइनलँडजवळ, रम नदी तलावातून निघते आणि अनोकाला मिसिसिपीला मिळते. तलावात हेनेपिन आणि स्पिरिट अशी दोन चिमुकली खडकाळ बेटं आहेत. दोन्ही मिळून एक एकरही भरत नाहीत, तरी ते अमेरिकेतलं सर्वांत छोटं राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. उन्हाळ्यात तिथे कुररी पक्षी घरटी करतात. आम्ही ती लांबूनच पाहिली.

पाण्याच्या तापमानाबद्दल एक खुलासा हवा. शरदातल्या मस्कीचा विषय निघाला की ‘पाणी उलटतं तेव्हा जाऊ नका’ हा सल्ला हमखास येतो. खोल तलावात तो बरोबर आहे. वरचं पाणी थंड होऊन खालच्यात मिसळतं, आणि ते काही दिवस मासे विखुरलेले असतात. मिल लॅक्स मात्र उथळ आहे आणि वारा त्याला उन्हाळाभर घुसळत असतो, त्यामुळे इथे त्या सल्ल्यावर सुटीच्या तारखा ठरवण्याची गरज नाही. तुमचा तलाव खोल असेल, तर जरूर ठरवा. इथे बघायचं ते ट्युलिबीकडे. हा चरबीयुक्त, चंदेरी मासा शरद सरताना खडकाळ उथळ जागी अंडी घालायला येतो आणि मोठे मस्की त्याच्या मागावर असतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी ४७ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये ८च्या जरा वर. ट्युलिबीची गर्दी व्हायला अजून वेळ होता, तरी खडकांच्या कडेला सोनारवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, त्यांचे थवे दिसू लागले होते.

गार पाण्यात आमिष सावकाश ओढायचं. उन्हाळ्यातला वेग इथे चालत नाही. आम्ही हातभर लांबीची रबरी आमिषं वापरली: ओढा, थांबा, बुडू द्या, पुन्हा ओढा. काठी साडेआठ-नऊ फुटांची, दोरी ८० पौंडांची विणलेली, आणि पुढे जाड फ्लोरोकार्बनचा किंवा तारेचा तुकडा, कारण मस्कीचे दात साधी दोरी सहज कापतात. प्रत्येक वेळी आमिष बोटीपाशी आलं की काठीचं टोक पाण्यात खोल घालून मोठा इंग्रजी आठ काढायचा. हात दुखतात, कंटाळा येतो, पण एकदाही टाळायचं नाही. आमचा मासा तिथेच लागला. सूर्य टेकला होता, भावोजी म्हणाले, “मागे सावली आहे, थांबू नकोस,” आणि दुसऱ्या वळणावर, बोटीपासून हातभर अंतरावर, त्याने तोंड उघडलं. ४४ इंच. इथल्या मानाने मध्यमच, पण ते वळण मला जन्मभर पुरेल.

लहानपणी दाभोळच्या खाडीत आम्ही गरवायला जायचो ते रात्रीच्या कालवणासाठी, त्यामुळे घरून अजूनही पहिला प्रश्न येतो, की मासा खाल्लास का? मस्की खायचा नाही. मिनेसोटात ५४ इंचांखालचा मस्की ठेवणं कायद्याने बंद आहे, आणि माझं मत असं, की त्यावरचाही सोडावा. मादीला एवढी मोठी व्हायला दहा-बारा वर्षांहून जास्त लागतात, आणि एवढ्या पाण्यात अशा माद्या मोजक्याच असतात. म्हणून आमिषांच्या आधी सोडण्याचं सामान घ्या: खोल, रबर लावलेलं मोठं जाळं, लांब दांड्याची पक्कड आणि गळ तोडणारा मजबूत कटर. मासा जाळ्यात, जाळं पाण्यातच. गळ तिथेच काढा, खोल रुतला असेल तर सरळ तोडा. कॅमेरा तयार झाला की दोन्ही हातांनी आडवा उचला, एक फोटो, परत पाण्यात. हवा शून्याखाली असेल तर फोटोही सोडून द्या, कारण डोळे आणि कल्ले पटकन गोठतात. मग शेपटीजवळ धरून ठेवा, तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत.

बाकीची तयारी थोडक्यात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर बरीच रिसॉर्ट्स बंद होतात आणि बर्फाच्या आधी धक्के काढून घेतात, म्हणून फोन करून ‘खोली आहे का’ याबरोबर ‘धक्का अजून पाण्यात आहे का’ हेही विचारा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सोबत असू द्या. आयलजवळच्या फादर हेनेपिन स्टेट पार्कमध्ये बोट उतरवायची सोय आहे, पण पार्कचा वाहन परवाना लागतो. मासेमारीचा परवाना डीएनआरच्या संकेतस्थळावर मिळतो. पहाटे दोरीतलं पाणी काठीच्या कड्यांत गोठतं, तेव्हा ते बोटांनी काढत राहा, नाहीतर आमिष टाकताना दोरी अडकते. पहिल्या दिवसासाठी स्थानिक गाइड परवडत असेल तर घ्या आणि त्याला मासा मागण्यापेक्षा जागा दाखवायला सांगा. बोट बाहेर काढल्यावर तळाची बुचं काढून, पाणी पूर्ण सोडून, गवताचा कण अन् कण उपटूनच रस्त्याला लागा. तो कायदा आहे, आणि झेब्रा शिंपले पुढच्या तलावात जातात ते अशाच बोटींतून. मस्कीचा हंगाम १ डिसेंबरला संपतो. मिल लॅक्सला वेगळे नियमही असतात आणि ते बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात एकदा पुन्हा वाचून घ्या.