शिलाहारांचा नकाशा: ठाणे-भिवंडी पट्टा भरला

उत्तर कोकणच्या शिलाहारांचा, म्हणजे तिथे राज्य केलेल्या मध्ययुगीन राजघराण्याचा, नकाशा आता दाखवण्याजोगा झालाय. तयार नकाशांत असते तशी रंगीत सीमारेषा मी ओढलेली नाही, ओढणारही नाही. ताम्रपटात गावं असतात: दान दिलेलं गाव, त्याच्या चतुःसीमा, ते कुठल्या विषयात (म्हणजे त्या काळच्या प्रशासकीय विभागात) मोडतं. तेवढंच टिपतोय.

सगळ्यात समाधान भादाण्याने दिलं. अपराजिताचा ताम्रपट, शके ९१९, म्हणजे इ.स. ९९७. भादाणे गाव लवणेतटाच्या लोणादित्याला, म्हणजे लोनाडच्या सूर्यदेवाला दिलं. दोन्ही गावं आजही भिवंडी तालुक्यात, त्यामुळे ठिपके लगेच बसले. पण खरी मजा मजकुरात आहे. चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांना बुडवून दोन तपं उलटली, तरी अपराजित आधी त्या जुन्या धन्यांची अख्खी वंशावळ सांगतो, त्यांच्यासाठी हळहळतो आणि मग स्वतःच्या घराण्याकडे वळतो. 'मांडलिक कुणाचा' हा रकाना इथे मी मुद्दाम कोरा ठेवलाय. तिथे चालुक्यांचं नाव घालायला माझा हात धजत नाही.

छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा. त्यातला षट्षष्टि विषय म्हणजे आपली साष्टी, आणि ती श्रीस्थानकाखाली, म्हणजे ठाण्याखाली. ठाण्याला मुंबईचं उपनगर म्हणणाऱ्यांना हा ताम्रपट पाठवावा म्हणतो!

अंबरनाथ (शके ९८२, मम्मुणि) आणि चौधरपाडा (शके ११६१, केशिदेव) हेही चढवले.

खाडीपलीकडे उरणमध्ये वेगळीच अडचण आली. चांज्याला अपरादित्याचा शके १०६० चा लेख आणि सोमेश्वराचा शके ११८२ चा. एकाच ठिपक्यात सव्वाशे वर्षं कशी मावणार? म्हणून आता शतकागणिक वेगळा थर केलाय. रानवडचा शके ११८१ चा लेखही सोमेश्वराचाच. हा शेवटचा राजा, यादव महादेवाशी समुद्रावर लढताना बुडाला. त्यानंतरचा थर यादवांचा, तो माझ्या नकाशात नाही.

'पुरी' मात्र अजून अधांतरी आहे. चौदाशे गावांच्या कोकणची ही राजधानी काहीजण घारापुरीला नेतात, काहीजण राजापुरीला. घारापुरी बेट इतक्या मोठ्या कारभाराला पुरलं असेल, हे मला पटत नाही. कुणाकडे भक्कम कारण असेल तर सांगा, ठिपका लावतो.

खारेपाटणचा रट्टराज दक्षिण शाखेचा, त्याची फाईल वेगळी ठेवलीय.