एसेक्सच्या ओळीत शून्य नको

अमेरिकी काँग्रेसच्या पहिल्या निवडणुकीचे आकडे काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तक्त्यात भरत होतो. न्यू जर्सी चिमुकलं राज्य, जागा चारच. तरी अख्खा दिवस त्यातच गेला.

पहिली अडचण बेरजेची. तिथे मतदारसंघ पाडलेच नव्हते. प्रत्येक मतदार राज्यभरासाठी चार नावं देऊ शकत होता. त्यामुळे सगळ्या उमेदवारांची मतं मिळवली की मतदारांची संख्या जवळपास चौपट दिसते. चारने भागावं, पण काहींनी चारपेक्षा कमी नावं दिली असणार, म्हणून येणारा आकडा 'किमान मतदार' म्हणूनच नोंदवायचा.

दुसरी अडचण एसेक्सची. 13 काउंट्यांपैकी 12 चे आकडे अधिकृत बेरजेत, एसेक्सची ओळ रिकामी. सोबतच्या मुलाने तिथे शून्य भरलं. मी ते पुसायला लावलं. शून्य म्हणजे मतंच पडली नाहीत. इथे तर सर्वांत लांबलेलं मतदान झालं होतं! फेब्रुवारी 1789 मध्ये मतदान सुरू झालं, पण ते कधी थांबवायचं हे कायद्यात लिहिलंच नव्हतं. मग काय, समोरच्यांचं पारडं किती जड झालंय ते बघत पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दोन्ही बाजूंनी आपापल्या भागात मतदान चालू ठेवलं. शेवटी मार्चमध्ये गव्हर्नर लिव्हिंग्स्टन आणि त्यांच्या सल्लागार मंडळाने एसेक्सची वाट न पाहता निकाल लावला. बाउडिनो, कॅडवॉलडर, शुरमन आणि सिनिकसन, म्हणजे पश्चिमेकडच्या 'जंटो' नावाच्या गटाचं पूर्ण तिकीट (चारही उमेदवारांची यादी) विजयी. एसेक्समधलं मतदान एप्रिलच्या अखेरपर्यंत चालूच होतं. तोवर न्यू यॉर्कमध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचं कामकाज सुरूही झालं होतं.

मग 'पक्ष' या रकान्यात काय लिहायचं? फेडरलिस्ट, म्हणजे संविधानाचे समर्थक, असं लिहून काही कळत नाही. डिसेंबर 1787 मध्ये याच राज्याच्या अधिवेशनाने संविधान एकमताने मंजूर केलं होतं. पूर्वेकडचा उमेदवार क्लार्क याच्यावर संविधानविरोधाचा ठपका ठेवला गेला, पण तो बराचसा प्रचाराचा भाग. खरी फूट जुनी: ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी या एकेकाळी वेगळ्या वसाहती होत्या. पूर्वेकडच्या कर्जदारांना कागदी चलन हवं होतं, पश्चिमेकडचे क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) त्याच्या विरोधात. म्हणून आम्ही 'पक्ष' रिकामा ठेवून 'तिकीट' असा वेगळा रकाना घातला.

तिथेही उमेदवाराच्या गावावरून बाजू ठरवता येत नाही. जंटोने हुशारीने दोन नावं पूर्वेकडची घेतली होती. बाउडिनो एलिझाबेथटाउनचा, म्हणजे नेमका एसेक्सचाच. प्रतिस्पर्धी क्लार्क आणि डेटन त्याच्याच भागातले. त्यामुळे तिकिटाचं नाव वर्तमानपत्रातल्या उमेदवार-याद्यांवरून लावावं लागलं.

निकालाविरुद्धची तक्रार प्रतिनिधिगृहात गेली. सप्टेंबर 1789 मध्ये गृहाने चौघांची निवड कायम केली. एसेक्सची मतं मात्र अधिकृत बेरजेत नाहीतच. म्हणून आमच्या नकाशात एसेक्सवर नुसत्या तिरप्या रेघा आहेत, रंग कोणाचाच नाही. पुढच्याच निवडणुकीत क्लार्क आणि डेटन दोघेही जिंकले, त्यांच्या जोडीला बाउडिनोही.