दार्जिलिंगचे बी वर्गाचे इंजिन आणि मूठभर वाळू

इंदूरहून अकोल्याला आजोळी जाताना आमची मीटरगेज गाडी पातालपाणीला थांबून ब्रेक तपासून घेई आणि मगच घाट उतरू लागे. परतीच्या प्रवासात खालच्या कालाकुंड स्थानकावर गाडीच्या पाठीमागे दुसरे इंजिन जोडले जाई आणि तेवढ्या वेळात बाबा फलाटावर उतरून कलाकंद घेऊन येत. ज्या मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्याच मार्गावरचा हा १:४० चा चढ, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. त्याला दोन इंजिने लागतात हे मनात इतके पक्के बसले होते की, दार्जिलिंगच्या रेल्वेचा चढ काही ठिकाणी १:२३ इतका तीव्र असून तिथे एकच लहानसे इंजिन गाडी वर नेते, हे वाचल्यावर ते इंजिन प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. गेल्या हिवाळ्यात तो योग आला.

हे वाफेचे इंजिन बी वर्गाचे. या वर्गाची पहिली इंजिने ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीने १८८९ मध्ये बांधली. आराखडा इतका जमून आला होता की पुढे साडेतीन दशके, फारसा बदल न करता, त्याच घडणीची इंजिने तयार होत राहिली आणि त्यांची संख्या ३४ पर्यंत गेली. त्यांतली काही तर त्याच मार्गावरच्या तिनधारिया कारखान्यात बांधली गेली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. निलगिरीच्या रेल्वेप्रमाणे येथे दातेरी रूळ नाही, त्यामुळे सगळी भिस्त गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाकाच्या पकडीवर आहे, आणि या इंजिनाची सारी रचना त्या पकडीभोवतीच झालेली आहे.

इंजिनाला चाके चारच, आणि चारही ओढणारी. केवळ भार वाहणारे एकही चाक नसल्यामुळे इंजिनाचे सुमारे १५ टन वजन पूर्णपणे पकडीच्या कामी येते. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली आहे आणि कोळसाही इंजिनावरच ठेवलेला असतो, म्हणजे पाणी आणि कोळसा यांचे वजनदेखील वाया जात नाही. चाकाचा व्यास फक्त २६ इंच आहे. रहाटाचा कणा बारीक असला की दोर सावकाश गुंडाळला जातो, पण जड मोट वर येते. लहान चाकाचेही तसेच आहे. वेग कमी मिळतो, ओढ वाढते. कोरड्या रुळावर इंजिनाला आपल्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी ओढ लावता येते, म्हणजे येथे पावणेचार टनांच्या आसपास. ११ इंच व्यासाच्या सिलिंडरांवरून मी हिशेब केला, तेव्हा वाफेची ओढ साडेतीन टनांच्या घरात आली. वाफेचे बळ आणि रुळाची पकड यांचा असा मेळ घालणाऱ्या आराखडाकारांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मात्र हा मेळ कोरड्या रुळापुरता आहे. दार्जिलिंगला धुके रोजचे, आणि ओल्या रुळावर पकड निम्म्याहूनही खाली येऊ शकते. चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते. म्हणून इंजिनाच्या अगदी पुढे, बफरच्या आडव्या पट्टीवर, दोन माणसे बसतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि चाक घसरू लागताच हाताने रुळावर वाळू सोडतात. ड्रायव्हर आणि फायरमन यांच्याखेरीज कोळशाच्या ढिगावर बसून मोठी ढेकळे फोडून देणारा आणखी एक माणूस असतो. एवढ्याशा इंजिनावर पाच माणसे! मार्गाची आखणी करणाऱ्यांनीही आपला वाटा उचललेला आहे: कुठे गाडी वळसा घेऊन स्वतःचाच खालचा मार्ग वरून ओलांडते, तर कुठे उलटी दिशा घेत नागमोडी वर चढते. आपल्या बोरघाटात १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ गाडीची दिशा अशीच उलटवत असत.

मी दार्जिलिंग ते घूम असा प्रवास केला. घूम २,२५८ मीटर उंचीवर आहे. डब्यातून बाहेर वाकून पाहिले तर पुढच्या माणसाची फक्त पाठ आणि खाली गेलेला हात दिसे. चाकांचा आवाज बदलला की तो हात हले आणि क्षणभरात धापांची लय पुन्हा सुरू होई. त्याने मागे वळून कुणाच्या इशाऱ्याची वाट पाहिल्याचे मला एकदाही दिसले नाही.

परतीचा मार्ग उताराचा होता, तरीही ते दोघे आपापल्या जागी येऊन बसले. आता ओढायचे काहीच नव्हते, मग वाळू कशाला, असे मी घूमच्या फलाटावर त्यांच्यापैकी थोरल्या गृहस्थांना विचारले. ब्रेक लावल्यावर चाक थांबते, पण रूळ ओला असेल तर थांबलेले चाकही घसरत जाते, असे त्यांनी वाळूच्या पेटीत हात घालता घालता समजावून सांगितले. पातालपाणीला, घाट सुरू होण्याआधी, आमची गाडी इतका वेळ का उभी राहत असे, ते मला त्या फलाटावर नीट कळले.